मानसशास्त्र प्रथम वर्ष: संशोधन पद्धती आणि अभ्यासिकेवरचा प्रकल्प, मदत हवी

मांजराकाठ
नमस्कार मंडळी. मी लातूरला बी.ए. प्रथम वर्षाला आहे, मानसशास्त्र घेतलंय. पहिलं प्रकरण छान गेलं. वुंट यांनी 1879 मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळा काढली, मग रचनावाद, कार्यवाद, फ्रॉइड, 1913 मध्ये वॉटसनचा वर्तनवाद, पुढे बोधात्मक मानसशास्त्र. कोण कुणाशी कशावरून भांडलं हे वाचायला आवडतंय. दुसऱ्या प्रकरणात अडकलोय. निरीक्षण, सर्वेक्षण, व्यक्तिअभ्यास, सहसंबंध, प्रयोग. सगळ्यांच्या व्याख्या पाठ आहेत, गुणदोष पाठ आहेत, पण एक सोडून दुसरी पद्धत का धरायची ते कळंना.

त्यात सरांनी छोटा प्रकल्प सांगितलाय. माझा विषय: अभ्यासिकेत बसणाऱ्या पोरांना घरी अभ्यास करणाऱ्यांपेक्षा जास्त मार्क पडतात का? ट्यूशन एरियात पोरं रात्री उशिरापर्यंत अभ्यासिकेत बसायलेत, म्हणून सुचलं. प्रश्नावली वाटायची, दोन्हीकडचे बारावीचे मार्क विचारायचे, सरासरी काढायची. एवढं पुरेल का?

दुधना
पुरतंय की. पन्नास-साठ फॉर्म भरून घे, दोन आलेख काढ, प्रस्तावना नि निष्कर्ष लिही. प्रथम वर्षाला एवढंच बघतात.

सिंदफणा
मार्कांपुरतं चालून जाईल. पण मांजराकाठने "कळंना" असं लिहिलंय, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते. मी बीड जिल्ह्यात कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते.

समज, तू फॉर्म भरून घेतलेस आणि अभ्यासिकेतल्या पोरांची सरासरी जास्त आली. त्यावरून अभ्यासिकेमुळे मार्क वाढले असं म्हणता येईल का? अभ्यासिकेला महिन्याची फी असते. ती भरू शकणाऱ्या घरात मुळातच पुस्तकं, ट्यूशन, नाश्त्याचा डबा हे सगळं असण्याची शक्यता जास्त. शिवाय ज्याला अभ्यासाची आधीच गोडी आहे तोच तिथं जाऊन बसतो. मुलींना रात्री दहापर्यंत बाहेर बसायची परवानगी किती घरांतून मिळते, तेही बघ. म्हणजे दोन गटांत अभ्यासिका हा एकच फरक नाही, दहा फरक आहेत, आणि तुझ्या सरासरीत ते दहाही मिसळलेले आहेत. सहसंबंध म्हणजे हेच: दोन गोष्टी सोबत चालतात एवढं दिसतं. कोण कुणाला ओढतंय, की तिसराच कुणी दोघांना ओढतोय, ते त्यातून दिसत नाही.

दुसरं. लातुरात निकाल लागला की चौकाचौकात फ्लेक्स लागतात. त्यावर नंबर लागलेल्यांचे फोटो असतात. त्याच वर्गात, त्याच बाकावर बसलेली, पहाटे तेवढ्याच वाजता उठणारी आणि तरी नंबर न लागलेली पोरं किती होती, हे फ्लेक्सवर नसतं. लातूर पॅटर्नला मी नावं ठेवत नाही, त्यामागे शिक्षकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. पण एखादी पद्धत काम करते का, हे फक्त यशस्वी झालेल्यांना विचारून कधीच ठरत नाही. राहिलेल्यांनीही तेच केलं असेल तर?

प्रयोगाची खरी ताकद इथे कळते. प्रयोगात पोरं स्वतः गट निवडत नाहीत. चिठ्ठ्या टाकून आपण गट पाडतो. मग श्रीमंत-गरीब, हुशार-कच्चा, मुलगा-मुलगी सगळे दोन्ही गटांत साधारण सारखे विखुरतात, आणि उरलेल्या फरकाचं श्रेय आपण बदललेल्या एका गोष्टीला देता येतं. तो आपण बदललेला स्वतंत्र चल, आणि मोजतो तो आश्रित चल. आधी हे समजून घे, व्याख्या मग तुझी तुलाच लिहिता येईल.

एक बारकावा लगेच सांगते, कारण पेपरात निम्मी मुलं इथं चुकतात. लोक निवडताना चिठ्ठ्या टाकणं वेगळं आणि निवडलेल्या लोकांचे गट पाडताना चिठ्ठ्या टाकणं वेगळं. पहिल्यामुळे तुझा निष्कर्ष बाकीच्या लोकांना लागू होतो. दुसऱ्यामुळे कारण सापडतं. एक असून दुसरं नसणं सर्रास घडतं.

मांजराकाठ
ताई, फ्लेक्सचं वाचून एकदम उजेड पडला. पण मी कुणाला चिठ्ठी टाकून "तू वर्षभर अभ्यासिकेत बस, तू घरी बस" असं कसं सांगणार?

जुना नांदेडकर
हाच तर माझा मुद्दा आहे. मी निवृत्त माध्यमिक शिक्षक. बी.एड.ला शैक्षणिक मानसशास्त्र शिकलो, पावलॉवचा कुत्रा, स्किनरची पेटी, थॉर्नडाइकची मांजर, म्हणजे प्राणी कसे शिकतात त्याचे प्रयोग. वर्गात उभं राहिल्यावर यातलं किती उपयोगी पडलं ते मलाच ठाऊक. माणसाच्या आयुष्यात ज्या मोठ्या गोष्टी घडतात, दुष्काळ, कर्ज, भूकंप, त्यांच्या चिठ्ठ्या टाकता येत नाहीत. चिठ्ठ्या टाकता येतात त्या गोष्टी फुटकळ. मग या शास्त्राने बांधावरच्या माणसाबद्दल काय सांगावं?

सिंदफणा
सर, तुमच्या प्रश्नाला माझ्याजवळ एक फार आवडतं उत्तर आहे, आणि ते उसाच्या फडातलंच आहे.

आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांचा अभ्यास 2013 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. प्रश्न असा होता: पैशाची ओढाताण असताना माणसाची विचार करायची क्षमता खरंच कमी होते का? गरीब आणि श्रीमंत यांची तुलना केली तर आपला अभ्यासिकेचाच घोळ होतो, शिक्षण वेगळं, आहार वेगळा, सगळंच वेगळं. त्यांनी तमिळनाडूतले 464 ऊस उत्पादक शेतकरी घेतले. उसाचा पैसा वर्षातून एकदा, तोडणीनंतर येतो. म्हणजे तोच शेतकरी तोडीच्या आधी हातउसना घेणारा आणि तोडीनंतर बऱ्या स्थितीतला. त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना. आकृत्यांची कोडी आणि लक्ष एकाग्र ठेवायची चाचणी, दोन्हींत तोडीआधीची कामगिरी कमी निघाली.

आता खरी गंमत बघा. कुणी म्हणेल, फरक ऋतूचा असेल, तेव्हा ऊन होतं नि आता थंडी. पण कारखान्याची तोड सगळ्यांना एकदम मिळत नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत आहे. कुणाचा नंबर आधी, कुणाचा दोन महिन्यांनी. त्यामुळे एकाच महिन्यात काही शेतकरी तोडीआधीचे होते, काही नंतरचे. ऋतूची शंका इथेच बरीचशी मिटते. दुसरी शंका सरावाची: तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की कोणीही सुधारतो. त्यासाठी त्यांनी काही शेतकऱ्यांना तोडीआधी मुद्दाम तपासलंच नव्हतं, थेट नंतर तपासलं, आणि तेही तसेच बरे निघाले. या अभ्यासावर पुढे टीका झाली, आकडेमोडीवर वाद झाले, ते व्हायलाच हवेत. पण पद्धत बघा. चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, तरी शंका एकेक करून समोर घेतल्या. निसर्गाने किंवा व्यवस्थेने आपोआप केलेली वाटणी हुडकायची, याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

मला या अभ्यासाची ओढ आणखी एका कारणाने आहे. "शेतकऱ्याला हिशोब कळत नाही, नियोजन जमत नाही" हे आपण किती सहज बोलतो. डोकं कमी नाही, डोक्यावरचं ओझं जास्त आहे, असं म्हणायला इथे थोडा आधार मिळतो.

बालाघाट
शेतकरी झाला, ऊस तोडणाऱ्याचं काय? माझे आई-वडील वीस वर्षं कोयत्यावर गेलेत. दसरा-दिवाळी झाली की टोळी निघायची, मुकादमाची उचल आधीच घेतलेली, परत यायला मार्च-एप्रिल. आमच्या गावात एकदा कुठल्यातरी संस्थेचे लोक ताणतणावाचा सर्व्हे करायला डिसेंबरात आले होते. घरोघर जाऊन फॉर्म भरले. घरात होतं कोण? म्हातारी माणसं आणि शाळेसाठी मागं ठेवलेली लेकरं. ज्यांच्यावर खरा ताण ते सगळे कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात फडात. सर्व्हेत गाव एकदम निवांत निघालं असणार.

सिंदफणा
बालाघाट, नमुना निवडीबद्दल तुमच्याएवढं नेमकं उदाहरण मला कोणत्या पुस्तकात मिळालं नाही. उद्या वर्गात हेच सांगणार. त्यांनी घरं अगदी यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकून, निवडली असती तरी उपयोग नव्हता, कारण महिनाच चुकला होता. यादीत घर आहे, पण घरात माणूस नाही.

हीच गोष्ट जगाच्या पातळीवर झालेली आहे. जेफ्री आर्नेट यांनी 2008 मध्ये अमेरिकन मानसशास्त्राची आघाडीची नियतकालिकं तपासली. त्यांत अभ्यासलेले 96 टक्के लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतले निघाले, जिथं जगाची 12 टक्के लोकसंख्या राहते. त्यातही बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. "माणूस असा वागतो" असं पुस्तकात वाचलं की मी मुलांना विचारायला लावते, कुठला माणूस?

दुधना
मग आपण ते पुस्तक शिकायचंच कशाला?

सिंदफणा
कारण ते 96 टक्के शोधून काढणारी पद्धतही त्याच शास्त्राची आहे. आणि हे शास्त्र आपल्याकडे काही काल आलेलं नाही. कोलकाता विद्यापीठात मानसशास्त्राचा विभाग 1916 मध्ये सुरू झाला, नरेंद्रनाथ सेनगुप्त यांनी तो उभा केला. लाइपझिगनंतर जेमतेम सदतीस वर्षांनी. कमी पडली ती आपल्या लोकांवरची मोजमापं.

पैनगंगा
मी हिंगोली जिल्ह्यातला, वसमतकडचा. आमच्याकडं जमिनीतून आवाज यायलेत कित्येक वर्षांपासून. 2024 मध्ये मार्चला आणि जुलैला 4.5 चे धक्के बसले. घरं पडली नाहीत फारशी, पण त्यानंतर मोबाइलवर जे सुरू झालं ते विचारू नका. "आज रात्री मोठा येणार", "धरण फुटणार". शिकलेली माणसंसुद्धा पुढं पाठवायलीत. याला मानसशास्त्रात काही उत्तर आहे का? मला वाटायचं की असलं ऐकून लोक घाबरतात. आधीच घाबरलेल्यांना कशाला आणखी घाबरवायचं?

सिंदफणा
तुमचा प्रश्न लिऑन फेस्टिंगर यांना पडला होता, आणि त्याची सुरुवात बिहारात आहे. 15 जानेवारी 1934 चा बिहारचा मोठा भूकंप. जमुना प्रसाद यांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. धक्के जाणवले पण नुकसान झालं नाही, अशा भागांत "याहून भयंकर काहीतरी येणार" या अफवा जोरात होत्या. फेस्टिंगर यांना हे विचित्र वाटलं. माणूस स्वतःहून भीतीची गोष्ट का पसरवेल? त्यांना सुचलेलं उत्तर असं: लोक आधीच घाबरलेले होते, पण आजूबाजूला घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं. मनातली भीती आणि डोळ्यांसमोरचं शाबूत घर यांचा मेळ बसेना. मग भीतीला साजेसं कारण तयार झालं. भीती अफवेतून आली नाही, अफवा भीतीतून आली. यातूनच पुढे 1957 मध्ये बोधात्मक विसंगतीचा सिद्धांत मांडला गेला: मनातल्या दोन गोष्टी जुळत नसल्या की माणूस अस्वस्थ होतो आणि कसाही मेळ घालू बघतो. तुमच्या पुस्तकात अभिवृत्तीच्या प्रकरणात तो आहे, फक्त तिथं बिहारचं नाव नसतं.

जोडीला दुर्गानंद सिन्हा यांचा दार्जिलिंगच्या दरडींवरचा अभ्यास आहे. तिथं लोक प्रत्यक्ष हानीच्या मध्ये होते, आणि पुढच्या महासंकटाच्या तशा अफवा आढळल्या नाहीत. भीतीला कारण समोरच पडलेलं होतं.

जुना नांदेडकर
किल्लारीच्या वेळी, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून लोक झोपले होते. नांदेडात आमचं काहीच पडलं नाही. तरी आम्ही पुढे कित्येक रात्री अंगणात झोपायचो, आणि रोज कोणीतरी वेळ सांगायचं, आज दोन वाजता, आज तीन वाजता. सास्तूर-किल्लारीकडचे नातेवाईक भेटले तेव्हा ते असलं काही बोलत नव्हते. ते ढिगाऱ्यातून काय निघालं, कुणाला कुठं ठेवलं, पत्रे कधी मिळणार हे बोलत होते. इतकी वर्षं मी याचा मेळ लावत होतो. हे पटलं मला.

पण बाई, बिहार आणि दार्जिलिंग ही वेगळी संकटं, वेगळे लोक, वेगळे अभ्यासक. तुमच्याच नियमाने यावरून कारण ठरवता येतं का?

सिंदफणा
नाही येत, सर. तुम्ही बरोबर पकडलंत. तिथून कल्पना मिळाली, पुरावा नाही. पुरावा म्हणून पुढं प्रयोगशाळेत शेकडो प्रयोग झाले, तेही एकमेकांना नेहमी जुळले असं नाही. निरीक्षणातून प्रश्न सापडतो, प्रयोगात तो तपासला जातो. मांजराकाठ, "एक सोडून दुसरी का" हा तुझा मूळ प्रश्न होता. पद्धत प्रश्नाच्या टप्प्यावर ठरते. काहीच माहीत नसताना थेट प्रयोग करायला गेलं की नेमकं काय बदलायचं तेच कळत नाही.

मांजराकाठ
मग मी अभ्यासिका सोडून देतो. मला अभ्यासाबद्दलच काहीतरी करायचंय, पण चिठ्ठ्या टाकता येतील असं.

सिंदफणा
हे घे. रोडिगर आणि कार्पिकी, 2006. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने चार वेळा वाचला. दुसऱ्याने एकदाच वाचला आणि मग तीनदा पुस्तक मिटून आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने तपासलं तर उलट झालं: वाचणारे 40 टक्क्यांवर आणि आठवून लिहिणारे 61. विशेष म्हणजे सारखं वाचणाऱ्यांनाच आपल्याला जास्त लक्षात राहील असं वाटत होतं. रात्रभर तेच पान घोकणाऱ्या आपल्या पोरांसाठी याहून कामाचं काही मला माहीत नाही.

तू हेच कर. लातूरच्या मुलांवर, मराठी उताऱ्यावर. कुणाच्या तरी जुन्या प्रयोगाची पुन्हा तपासणी करणं हे कमी दर्जाचं काम नाही. 2015 मध्ये जगभरच्या संशोधकांनी मिळून मानसशास्त्रातले 100 अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा सुमारे 36 टक्क्यांतच मूळ निष्कर्ष संख्याशास्त्रीय कसोटीवर पुन्हा टिकला.

उतारा कोणी आधी वाचलेला नसावा, म्हणजे पाठ्यपुस्तकातला नको. त्यात तीसेक स्वतंत्र मुद्दे असावेत आणि त्यांची यादी आधी करून ठेव. एक मुद्दा आठवला, एक गुण. "लक्षात राहणं" म्हणजे तुझ्या प्रकल्पात नेमकं काय, हे त्या यादीने ठरतं. यालाच कार्यात्मक व्याख्या म्हणतात. दोन्ही गटांना वेळ अगदी सारखा दे, नाहीतर फरक वेळेचा निघेल.

पैनगंगा
पेपर कोण तपासणार? स्वतः तपासला तर हात ढिला सुटतो.

सिंदफणा
अगदी. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. गणित विचारलं की टाप आपटून उत्तर द्यायचा. ऑस्कार फुंग्स्ट यांनी 1907 मध्ये दाखवलं की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. योग्य आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा. आपल्या दारी गुबुगुबु वाजवत येणारा नंदीबैल मालकाच्या इशाऱ्यावर मान हलवतो, पण तो इशारा मालक जाणून देतो. हान्सच्या मालकाला आपण इशारा देतोय याचा पत्ताच नव्हता. प्रामाणिक माणसाकडूनही हे होतं, म्हणून पद्धत लागते. मांजराकाठ, उत्तरपत्रिकांवर फक्त क्रमांक टाक, कोण कुठल्या गटात ही यादी मैत्रिणीकडं किंवा मित्राकडं ठेव, आणि गुण देऊन झाल्यावरच उघड.

मांजराकाठ
पक्कं. अकरावीच्या वर्गावर करतो, आमच्याच कॉलेजचा आहे. चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात टाकून काढतो. परवानगी लागेल का? उतारा तर वाचायचाय फक्त.

सिंदफणा
लागेल. मुलं अठराच्या आतली आहेत, म्हणून प्राचार्यांची, पालकांची आणि मुलांची स्वतःची, तिन्ही. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी अल्बर्ट नावाच्या तान्ह्या बाळाला मोठा आवाज करून पांढऱ्या उंदराची भीती बसवली आणि ती भीती घालवण्याआधीच ते बाळ तिथून गेलं. परवानगीचे नियम अशा गोष्टींमधून आले आहेत. मुलांना आधी सांग की मार्कांशी याचा संबंध नाही, मधेच उठून गेलं तरी चालतं, आणि शेवटी कशासाठी केलं तेही सांग.

बालाघाट
आणखी एक. आठवड्याने परत चाचणी म्हणालात. तो दिवस गावाकडच्या बाजाराचा नाहीतर सोयाबीन काढणीचा निघाला तर खेड्यावरून येणारी पोरं गैरहजर राहणार. उरतील शहरातली.

मांजराकाठ
मग वार बदलतो. आमच्याकडं औसा-निलंगा बाजूची पोरं बरीच आहेत, एसटीने येतात.

सिंदफणा
वार बदल, आणि तरी जी येणार नाहीत त्यांची संख्या दोन्ही गटांची वेगवेगळी लिही. एका गटातून दोन गेले आणि दुसऱ्यातून नऊ, तर सरासरी काढण्याआधी ते का गेले हे शोधावं लागेल. चार वेळा तेच वाचून कंटाळून गेले असतील तर तोही निकालच आहे. तक्ता कर आणि इथे टाक, मी बघते. सर, तुम्हीही बघाल ना?

जुना नांदेडकर
बघतो. उताराही पाठवतो एक, गोदावरीच्या घाटांवर मी लिहून ठेवलेला आहे, कुठं छापलेला नाही. मुद्दे तीसच्या वर निघतील.